अळणी दिवस

तोंडाची चव गेली तर ते सांगण्याची आपल्या भाषेत सोय आहे. मनाची चव गेली तर नाही. तापातून उठलेला माणूस पहिल्या दिवशी भाताचा घास बाजूला सारतो आणि म्हणतो, "तोंडाला चवच नाही." घरातल्यांना तेवढे पुरते. कोणी लिंबाच्या लोणच्याची बरणी खाली काढते, कोणी आल्याचा तुकडा मिठाला लावून पुढे करते, आणि दोन दिवस त्याच्या जेवणाकडे सगळ्यांचे लक्ष राहते. पण धडधाकट, वेळेवर नोकरीला जाणारा, घराच्या कर्जाचा हप्ता न चुकवणारा एखादा गृहस्थ ताटावरून उठून म्हणाला, "मला कशातच चव लागत नाही," तर आपण त्याच्यापुढे काय ठेवणार? फार तर उपदेश. चार दिवस कुठे तरी जाऊन या. देवाचे काही तरी करा. तुम्हांला काय कमी आहे? यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत वाईट. त्या बिचाऱ्याने तो स्वतःला आधीच शंभर वेळा विचारलेला असतो, आणि शंभरही वेळा उत्तर एकच आलेले असते : काहीच कमी नाही.

दुःखाला आपण भितो, पण त्याची आपल्याला ओळख असते. ते आले की दिसते. गीतेच्या पहिल्या अध्यायाला अर्जुनविषादयोग असे नाव आहे. त्या अर्जुनाचे पाहा : हाताला कंप सुटतो, तोंड कोरडे पडते, गांडीव गळते आणि तो रथात खाली बसतो. दोन्ही सैन्यांच्या मध्ये, सर्वांच्या देखत. शेजारी सारथी आहे, त्याच्यापाशी तो बोलतो, आणि बोलतो म्हणूनच पुढचे सतरा अध्याय होतात. मी ज्या व्याधीविषयी लिहायला बसलो आहे तिच्यात गांडीव हातातून गळत नाही. माणूस उभाच असतो, बाण सोडीत असतो, नेमही बरा लागत असतो. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप मांडला ते मात्र त्याच्या आतून केव्हाच निघून गेलेले असते. सैन्याला वाटते, लढतो आहे. सारथ्यालाही तसेच वाटते.

मी गारखेड्यात राहतो. आमच्या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. गारखेड्याचे नाव मात्र आहे तेच राहिले. खेडे कधीच शहराच्या पोटात गेले, शेतांवर वसाहती उठल्या, पण नावातले 'खेडे' कोणी काढले नाही. तसाच आमचा सूतगिरणी चौक. सूतगिरणी बंद पडली, तिचा भोंगा विसरला गेला, आता त्या चौकात रिक्षा आणि शिकवण्यांच्या पाट्या आहेत. तरी रिक्षावाल्याला 'सूतगिरणी' एवढे म्हटले की तो बरोबर आणून सोडतो. आतले यंत्र थांबल्यावरही नाव पुष्कळ वर्षे चालते, हे मला या चौकाने शिकवले. कारण एक सबंध वर्ष माझेही तसेच चालले होते.

माझा व्यवसाय चित्रकलेच्या मास्तरचा. मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि खडू हातात धरला. त्यापुढे शिकलो नाही. रात्री आणि सुट्टीत चार कादंबऱ्या लिहिल्या. वाचकांनी त्या बऱ्या म्हटल्या. मुलगी पुण्याला शिकते. घर स्वतःचे आहे. नळाला पाणी बरीच वर्षे पाच-सात दिवसांआड येत आले, ही आमच्या सर्व शहराची तक्रार सोडली तर मला विशेष म्हणण्यासारखी तक्रार नव्हती. ते वर्षही काही अपघाताचे नव्हते. कोणी गेले नाही, कोणी फसवले नाही, नोकरीवर गदा आली नाही. म्हणूनच काय झाले ते सांगणे कठीण आहे. काहीच झाले नाही, आणि ते रोज झाले.

दरवर्षी डिसेंबरात मी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन वेरूळला जातो. सोळाव्या लेण्यात, कैलासात, रावण पर्वत हलवतो ते शिल्प आहे. वर शंकर स्वस्थ बसला आहे, पार्वती घाबरून त्याला बिलगली आहे, खाली वीस हातांचा रावण जोर लावतो आहे. हे सारे मार्गदर्शकही सांगतो. मी मुलांना दाखवतो ती पार्वतीमागची सखी. पर्वत हलताच ती पाठ फिरवून पळत सुटली आहे. देवांच्या त्या एवढ्या मोठ्या प्रसंगात खरी माणसासारखी वागली ती एवढी एकच. आठव्या शतकात कुणा पाथरवटाला ही पाठमोरी बाई सुचली, याचे मला दरवर्षी नव्याने नवल वाटे. आणि खरे सांगायचे तर मुलांचे निमित्त करून मी तिलाच भेटायला जात असे.

त्या वर्षी मी मुलांना तिच्यापुढे उभे केले आणि दरवर्षीचे शब्द दरवर्षीच्या ठिकाणी थांबत म्हटले. मुले हसली, जिथे हसायची तिथेच. मला मात्र समोर दगड दिसत होता. चांगला कोरलेला दगड. आपण काही तरी हरवले आहे आणि ते खिशात नाही हे कळावे तसे झाले, आणि मी खिशातच हात घातला. मोबाईल काढला आणि छायाचित्रे घेत सुटलो. घरी येऊन मोजली तर एकशे बारा. त्यांतले एकही मी पुन्हा उघडून पाहिले नाही.

मग हळूहळू एकेक गोष्ट गळू लागली. कादंबरीचे सातवे प्रकरण अर्ध्यावर थांबले. गुलमंडीवरची इमरती कोणी आणली तर मी खात असे, पण ती न आणली तरी चालले असते. दिवाळी अंकांचा गठ्ठा, ज्याची सुतळी सोडायला मी पूर्वी कात्रीची वाट पाहत नसे, तो संक्रांतीपर्यंत सुतळीसकट कपाटावर पडून राहिला. आणि तरी मी रिकामा नव्हतो. शाळेतून आलो की पलंगावर आडवा होई आणि मोबाईल उघडी. हत्तीचे पिल्लू चिखलात लोळते आहे, कोणी एक जण कातावर लाकडी वाटी उतरवतो आहे, कुठल्याशा देशातला माणूस वाफाळता रस्सा ओरपतो आहे, १९९८ सालचा शारजाचा षटकार पुन्हा एकदा प्रेक्षकांत जाऊन पडतो आहे. रात्रीचे अकरा वाजत. शिक्षकांच्या समूहावर कोणी विनोद टाकला की मीही तो हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा पाठवी. माझा स्वतःचा चेहरा त्या वेळी भिंतीसारखा कोरा असे. आणि तिकडे माझ्या नावापुढे तो पिवळा गडी लोळून हसत असे.

भिंतीवरून आठवले. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक निवृत्त तलाठी होते. एका उन्हाळ्यात ते ओट्यावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहू लागले. तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला ठाऊक झाले. कोणी त्यांच्या बहिणीला निरोप धाडला, कोणी वैद्य आणला, कोणी अंगारा आणला, एकाने तर त्यांना बळेच पत्ते खेळायला बसवले. उपाय बहुतेक वेडगळ होते, आणि त्यांतल्या काहींनी त्या माणसाला त्रासच झाला असेल. पण एक गोष्ट झाली : ते दिसले. भिंतीकडे बघत बसलेला माणूस लोकांच्या डोळ्यांना खुपतो. 'काय झाले हो?' असे विचारल्यावाचून त्याच्यासमोरून जाता येत नाही. मोबाईलकडे बघत बसलेला माणूस कोणाला खुपत नाही, कारण विचारणाऱ्याचीही मान तशीच खाली असते. माझे सारे म्हणणे एवढेच आहे. या यंत्राने माणसाचा आनंद नेला की नाही, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. मन आधी सुकते म्हणून माणूस मोबाईलकडे वळतो, की मोबाईलने ते सुकते, हा कोंबडी-अंड्याचा वाद आहे. पण आनंद गेलेल्या माणसाला लपायला या यंत्राने जागा दिली, हे मी माझ्या अनुभवाने सांगू शकतो. आणि तो इतरांपासून लपतो त्याच्या आधी स्वतःपासून लपतो. हाताला चाळा आहे, डोळ्यांपुढे काही तरी हलते आहे, मग आपल्याला काही वाटत नाही हे कळणार तरी कसे?

मला कळले ते आमच्या घरातल्या मिठामुळे.

जेवणाला नावे ठेवणे हा माझा जुना दुर्गुण. वीस वर्षांच्या संसारात मीठ कमी किंवा जास्त झाले आणि मी बोललो नाही, असे झाले नव्हते. एका रात्री जेवण झाल्यावर पत्नीने ताट उचलले नाही. ती समोर बसून राहिली.

"अहो, तुम्हांला बरं नाही का?"

"का? बरा आहे की."

"भाजी कशी होती?"

"चांगली होती."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सोमवारी मी मीठ घालायला विसरले होते. तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणून काल आणि आज मुद्दाम घातलं नाही. मी माझ्या ताटात वरून घेतलं. तुम्ही तीन दिवस अळणी जेवताय."

मी हसण्याचा प्रयत्न केला. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "तुमच्या जिभेचं नाही हे," ती म्हणाली, "आपण डॉक्टरांकडे जाऊ."

मनाच्या डॉक्टरकडे जायचे म्हणजे मधल्या शिक्षकाच्या पायांत किती मणांच्या बेड्या पडतात, ते सांगत बसत नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मला वाटले होते, त्या विचारतील, 'तुम्हांला कशाचे दुःख आहे?' आणि मी 'कशाचेच नाही' असे सांगून मोकळा होईन. त्यांनी तसे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "पूर्वी ज्यात आनंद वाटायचा, त्यात गेल्या दोन आठवड्यांत वाटला का?" मी खिडकीकडे बघत राहिलो. दोन आठवडे? मला वर्ष मोजावे लागत होते.

त्यांनी रक्त तपासून घेतले, थायरॉइड पाहिले, जीवनसत्त्वे पाहिली, कारण शरीराच्या खोडीही मनाचे सोंग घेऊन येतात. ते सारे ठीक निघाले. मग त्यांनी समजावून सांगितले की नैराश्याच्या आजाराची मुख्य लक्षणे दोन. एक म्हणजे मन सतत उदास राहणे, आणि दुसरे म्हणजे गोडी जाणे, कशातच रस न वाटणे. दोन्ही एकदम असलीच पाहिजेत असे नाही. या दोहोंपैकी एक दोन आठवडे ठाण मांडून बसले, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांच्या तक्रारी आल्या, तर वैद्य त्याला आजार म्हणतात. म्हणजे न रडतासुद्धा माणसाला हा आजार होऊ शकतो. ही गोष्ट मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळली. आणि माणसांच्या मनाविषयी मी चार कादंबऱ्या लिहून बसलो होतो!

बरे वाटू लागल्यावर मी चौकशी करीत गेलो. कादंबरीकाराला ती खोड असतेच. या गोडी जाण्याला नाव दिले ते रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने, १८९६ साली. नाव नवे, वस्तू जुनी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या ख्रिस्ती साधूने तिचे वर्णन करून ठेवले आहे. दुपारच्या वेळी एक राक्षस येतो आणि साधूच्या मनाला वेढा घालतो, असे तो म्हणतो. मग दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. साधू सारखा खिडकीकडे पाहतो, सूर्य किती सरकला ते बघतो, कोणी भेटायला येते आहे का म्हणून बाहेर डोकावतो. सोळाशे वर्षांपूर्वीचा तो साधू मला अगदी आपला वाटला. मी दिवसातून किती वेळा खिडकीत डोकावत होतो! माझी खिडकी खिशात मावत होती आणि तिच्यात सदैव कोणी तरी येत होते, एवढाच काय तो फरक.

दुसरी हकीकत उंदरांची. १९५४ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरी ओल्ड्स आणि मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि त्यांच्यापुढे एक कळ ठेवली. कळ दाबली की मेंदूच्या एका भागाला विजेचा हलकासा झटका बसे. उंदीर ती कळ दाबू लागले ते थांबेचनात. तासात शेकडो वेळा, पुढच्या प्रयोगांत तर हजारो वेळा. लोकांना वाटले, मेंदूतले आनंदाचे घर सापडले. पुढे अमेरिकेत केंट बेरिज नावाच्या शास्त्रज्ञाने या समजुतीला धक्का दिला. ज्या उंदरांच्या मेंदूतले डोपामीन नावाचे द्रव्य जवळजवळ संपवले होते, ते आपण होऊन अन्नाकडे जात नसत. पण जिभेवर साखरेचे पाणी सोडले तर मिटक्या मात्र पूर्वीसारख्याच मारीत. त्याने त्यावरून म्हटले की एखादी गोष्ट हवीशी वाटणे निराळे आणि ती आवडणे निराळे. मेंदूत या दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. कळ दाबणारा उंदीर सुखात होता असे नव्हे. त्याला पुढची कळ हवी होती, इतकेच.

हे वाचले आणि मी माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिले. वर्षभर हाच कळ दाबीत होता. पुढचे चित्र हवे, त्याच्या पुढचे हवे. आवडले मात्र एकही नव्हते. खेड्यात सही न येणाऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणतात. मी मॅट्रिक झालेला मनुष्य त्रेचाळिसाव्या वर्षी अंगठेबहाद्दर झालो होतो. त्यातून ही पाने अशी की त्यांना तळ नाही. २००६ साली एझा रास्किन नावाच्या तरुणाने ही युक्ती काढली की पान संपूच द्यायचे नाही, खाली गेले की आणखी पुढचे आपोआप वाढायचे. त्याला पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. आपल्या पंगतीत वाढप्याला सुद्धा पानावर आडवा हात धरून 'पुरे' म्हणता येते. या पंगतीत हात आडवा धरायला पानच दिसत नाही.

उपचाराचे सांगतो. गोळ्या होत्या; त्या मी घेतल्या, त्यांत लाजण्यासारखे काही नाही. पण खरे आश्चर्य दुसऱ्या भागाचे होते. डॉक्टरीणबाईंनी मला एक वही करायला सांगितली. रोज एक लहान काम ठरवायचे, त्याची वेळ लिहायची, आणि ते करायचे. "आवडेल तेव्हा करीन, असं म्हणू नका," त्या म्हणाल्या. "आवड मागून येते. आधी पाय, मग मन." मी म्हटले, हे उलटे झाले. आम्ही लिहिणारे लोक स्फूर्ती आल्यावर बसतो. त्या हसल्या आणि गोव्याचे सांगू लागल्या.

गोव्यात 'संगत' नावाची एक संस्था आहे, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९६ साली काढली. मनाचे डॉक्टर थोडे आणि दुखणाईत फार, यावर त्यांनी तोड काढली. साध्या, स्थानिक माणसांना शिकवून त्यांनी समुपदेशक केले आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. त्या माणसांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा बोलायचे आणि त्यांना बारीकसारीक कामांकडे, माणसांकडे, सुटलेल्या छंदांकडे पुन्हा वळवायचे. हीच 'आधी पाय, मग मन' रीत. ती नीट तपासूनही पाहिली. ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना ही जोड दिली, निम्म्यांना नेहमीच्या उपचारांवर ठेवले. तीन महिन्यांनी जोड मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ आजारातून बाहेर आले होते. इतरांपैकी शेकडा ३९. २०१७ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शेकडा ६४ म्हणजे शंभर नव्हेत, हे मला समजते. पण आपल्याच किनाऱ्यावर, आपल्यासारख्याच माणसांनी, दवाखान्याच्या बाकावर बसून हे केले, याचा मला धीर आला.

मी काम निवडले ते स्मरणचित्राचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांकडून मी वर्षानुवर्षे स्मरणचित्रे काढून घेत आलो आहे : बसस्थानक, भाजीबाजार, पतंग उडवणारी मुले. आता रोज संध्याकाळी सहा वाजता विभागीय क्रीडा संकुलाला एक फेरी मारायची आणि घरी येऊन, तिथे पाहिलेले काही एक, आठवून काढायचे. पोस्टकार्डाएवढा कागद, त्याहून मोठा नाही. मोबाईल त्या वेळी पत्नीच्या पेटीत.

पहिले वीस दिवस मी ते काम सरकारी कारकुनासारखे केले. धावणारी मुले, गजरा विकणारी म्हातारी, गुडघ्याला पट्टा बांधून चालणारे निवृत्त साहेब. चित्रे वाईट नव्हती. मला काही वाटत नव्हते. वहीत मी तसे लिहून ठेवले आहे : 'काढले. काही नाही.' वीस वेळा.

एकविसाव्या रात्री दोन वाजता पाणी आले. आमच्याकडे पाणी येणे म्हणजे सगळी गल्ली उठणे. मोटारी घरघरू लागल्या, नळ्या रस्त्यावर पसरल्या, आणि आमच्या शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या घरात, हातात बादली आणि अंगावर लेकाचा स्वेटर अशा थाटात, ज्याने आमच्या दोन्ही घरांच्या मधली नळी ओढली होती त्याचा कुळासकट उद्धार करू लागल्या. नळी कोणीच ओढली नव्हती. तिच्यावर मांजर बसले होते. मी दारात उभा होतो आणि मला वाटले, हे काढायला हवे. वाटले! मी आत जाऊन पुन्हा स्वतःला विचारले. हो, वाटलेच होते. पेन्सिल शोधताना माझा हात कापत होता. ते चित्र फार साधारण उतरले आहे. आजींच्या बादलीचा तळ चुकला आहे. त्याच्याखाली मी एवढेच लिहिले आहे : 'हसू आले.'

त्यापुढचा रस्ता सरळ नव्हता. हसू आले आणि आठवडाभर पुन्हा फिरकले नाही, असेही झाले. चव परत येते ती तापातून उठल्यावर येते तशीच, आधी आंबट, मग तिखट. सबंध जेवणाला वेळ लागतो. सातवे प्रकरण मी पुढे पूर्ण केले. ते पहिल्या सहांपेक्षा चांगले झाले आहे असे म्हणण्याचा मोह मी आवरतो.

तुम्ही म्हणाल, मग मास्तर, मोबाईल फेकून द्यावा काय? नाही. माझी पुण्याची मुलगी त्यातूनच रोज रात्री बोलते. केंद्र सरकारने २०२२ च्या १० ऑक्टोबरला 'टेलिमानस' नावाची सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक, पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्रीही मनाची गोष्ट मराठीतून सांगता येते. तोही क्रमांक याच यंत्रावर फिरवायचा. झोपडी जाळून ढेकूण मारण्यात शहाणपण नाही. मला मोह पडतो तो सांगली जिल्ह्यातल्या एका गावाच्या युक्तीचा. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. टाळेबंदीतल्या मोबाईलवरच्या शाळेनंतर मुले आणि मोठीही पडद्याला चिकटली, म्हणून त्या गावाने २०२२ च्या १५ ऑगस्टपासून एक नेम केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा. घरोघरी मोबाईल आणि टीव्ही बंद व्हायचे. साडेआठला दुसरा भोंगा, मग पुन्हा सुरू. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, माणसांनी माणसांशी बोलायचे.

लोकांनी त्या भोंग्याचे कौतुक केले ते मुलांच्या अभ्यासासाठी. मला त्यात दुसरेच काही दिसते. एकट्या माणसाने मोबाईल ठेवला तर त्याला समोर सगळ्यांच्या खाली घातलेल्या माना दिसतात. सगळ्या गावाने एकदम ठेवला की माना वर होतात. दीड तास घराघरांत चेहरे दिसतात. त्यांत एखादा असा असेल की जो मोबाईल ठेवूनही तिथेच, तसाच, भिंतीकडे बघत बसला आहे. त्या वेळी तरी कोणाला तो खुपेल, आणि कोणी तरी विचारील. आमच्या सूतगिरणीचा भोंगा गेला तो गेलाच. पण गारखेड्यात संध्याकाळी सातला कोणी भोंगा वाजवला तर मी त्याला वर्गणी देईन.

कारण अशी माणसे थोडी नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यांत आपला महाराष्ट्र नव्हता, पण आपण काही वेगळ्या मातीचे नाही. मोठ्या माणसांत वीसांतल्या एकाला आयुष्यात केव्हा तरी हा आजार गाठतो, असे तीत आढळले. आणि आजारी असलेल्यांपैकी शेकडा ८५ च्या आसपास उपचारावाचून होते. आमच्या शिक्षकांच्या समूहात बेचाळीस नावे आहेत. मी हिशेब मांडला आणि माझे एक नाव त्यातून वजा केले. आणखी एक उरत होते.

त्या समूहावर रोज पहाटे साडेपाचला विज्ञानाच्या सरांचा सुप्रभात येतो. एक फूल, एक सुविचार, आणि त्यापाठोपाठ एक विनोद. आमच्यात त्यांच्यासारखा आनंदी माणूस नाही असे सगळे म्हणतात. गेल्या श्रावणात मला एकदम जाणवले की हा माणूस रोज साडेपाचला जागा असतो, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडून तसाच मिटतो. त्या संध्याकाळी मी त्यांना पिवळा चेहरा पाठवला नाही. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी हसतच दार उघडले. घरात कोणी नव्हते. टीव्ही चालू होता आणि हातात मोबाईल होता. इकडचे तिकडचे बोलणे झाले. निघताना मी उंबऱ्यावर थांबलो आणि विचारले, "सर, पूर्वी तुम्ही बासरी वाजवायचात. हल्ली वाजवता का?"

"वेळ कुठे असतो सर," ते म्हणाले, हसत.

"वेळ असता तर वाजवावीशी वाटली असती का?"

ते हसू चेहऱ्यावर काही क्षण तसेच राहिले. मग ते उतरले, आणि त्याच्याखालचा माणूस मला पहिल्यांदा दिसला. त्यांनी हातातला मोबाईल उपडा करून टीव्हीवर ठेवला, टीव्ही बंद केला आणि माझ्यामागचे दार लोटून घेतले.

"बसा सर," ते म्हणाले. "चहा ठेवतो."